बुखनगातला मोती

हलव्याचा दाणा सुईने ओवता येत नाही. सुई लागली की तो फुटतो. त्याला दोऱ्याचा फास घालून धरावं लागतं, आणि गाठ आवळताना आपला श्वास रोखून ठेवावा लागतो. हे मला आईने शिकवलेलं नाही. नाशिकला आमच्याकडे हलव्याचे दागिने बाजारातून यायचे. मी ते शिकले कुवेतला, फहाहीलच्या एका घराच्या जिन्यात बसून, निव्वळ हट्टाने. जिन्यात एवढ्यासाठी की जानेवारीतलं ऊन आमच्या घरात फक्त तिथेच यायचं.

घर दुमजली होतं. वर आम्ही भाडेकरू: नवरा रिफायनरीत इंजिनीअर, मी, आणि अडीच वर्षांची लेक. खाली घरमालकीण, सत्तरी ओलांडलेली कुवेती बाई, एकटी. सगळी गल्ली तिला खाला म्हणायची, म्हणजे मावशी, म्हणून आम्हीही. इराकच्या युद्धाच्या वेळी तिचा मुलगा बायकोला घेऊन लंडनला गेला तो तिथलाच झाला. खाला जागची हलली नाही. तिचे वडील तरुणपणी गलबतावरून मुंबईला येऊन-जाऊन असायचे, त्यामुळे तिला हिंदी येत होतं, निदान तिची तशी समजूत होती. दोन-तीनशे शब्द असतील. क्रियापदांवाचून तिचं कधी काही अडलं नाही.

ते दिवस आठवायला लागले की मला आधी तो उजेड आठवतो. पातळ तुपासारखा, जिन्याच्या पायऱ्यांवरून हळूहळू खाली उतरणारा. गच्चीवरून समुद्राची एक फिकट पट्टी दिसायची आणि दुसऱ्या बाजूला रिफायनरीची ज्योत, दिवसाउजेडी जेमतेम दिसेल न दिसेल अशी. रमजान चालू होता. दुपारी सगळी गल्ली झोपेत असायची. गाड्या नाहीत, हाका नाहीत, कुणाच्या कुकरची शिट्टी नाही. आपण जागे आहोत की दुसऱ्या कुणाच्या झोपेत वावरतोय, असा प्रश्न पडावा अशी ती शांतता होती.

त्या वर्षी रमजानचा मध्य आणि संक्रांत एकाच आठवड्यात आली होती. मला लेकीचं बोरन्हाण करायचं होतं. काळा झबला शिवून तयार होता. नाशिकहून आलेल्या हलव्याचे हार, बाजूबंद, बिंदी असा थाट मी जिन्यात बसून बांधत होते. खाला उन्हाला आली ती माझ्या शेजारच्या पायरीवर टेकली. तिची नजर अधू झालेली होती, पण बोटं शाबूत होती. तिने एक दाणा तळहातावर घेऊन बोटाने फिरवला.

"ये क्या? मोती?"

"शक्कर, खाला. छोट्या मुलांसाठी."

"शक्कर?" तिने तो परत परत चाचपला. "हमको मोती लगा." मग माझ्या हातातला हार उचलून प्रत्येक गाठीवरून बोट नेलं. "तुम सुई अच्छा."

मी फुगले. माझ्या हाताचं कुणी कौतुक केलं की मी अजूनही फुगते, ती माझी जुनी खोड आहे.

दुसऱ्या दिवशी ती पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन वर आली. फडकं उलगडताच खोलीभर ऊद दरवळला. आत काळं, जाळीसारखं पातळ कापड होतं. चेहऱ्यापुरती गोल जागा ठेवून बाकी सगळं शिवलेलं. डोक्यातून घालायचं की चेहऱ्याभोवती बसतं, पुढे पोटापर्यंत येतं आणि मागे पार पोटऱ्यांपर्यंत लोंबतं. चेहऱ्याच्या कडेने आणि छातीवर जरीची वेलबुट्टी. याला बुखनग म्हणतात, लहान मुली घालतात, असं तिने सांगितलं. मला मात्र ते पाहताक्षणी आपली कुंचीच वाटली. सातासमुद्रापलीकडे कुणा आईने तान्ह्याची कुंची वाढवत वाढवत मोठ्या मुलीपुरती केली असावी, तशी.

बाजारात तशी बुखनगं मी टांगलेली पाहिली होती, पण या जरीत मोती होते. तांदळाच्या कणीएवढे, वेडेवाकडे, कपाळाच्या कडेने एका ओळीत. खालाचे वडील मोत्यांच्या बोटीवर होते. व्यापारी जे बारीकसारीक मोती टाकून द्यायचे ते ते घरी आणायचे, आणि तिच्या आईने एकेक करून ते बुखनगावर शिवले होते. हे घालून खाला जुन्या कुवेत शहरातल्या मिरकाबच्या गल्ल्यांतून फिरली होती, तेव्हा तिथली घरं मातीची होती. रमजान निम्मा सरला की मुलं दारोदार गाणी म्हणत फिरतात, गळ्यातल्या पिशव्यांत लोक सुकामेवा आणि गोळ्या ओततात. त्याला गरगिआन म्हणतात. यंदा लंडनहून तिची नात येणार होती, सहा वर्षांची, जन्मात पहिल्यांदा. नातीने हे घालून गरगिआनला जावं एवढंच खालाला हवं होतं. पण मोत्यांचे दोरे कुजले होते.

"बाजार में देगा तो मोती चोरी होगा," ती म्हणाली. "तुम को दिया. और किसी को नहीं."

मी मोती मोजले. एक्केचाळीस. तीन दिवस जिन्यात बसून कुजलेला एकेक दोरा काढला आणि एकेक मोती नव्या काळ्या रेशमाने बसवला. माझ्या हलव्याच्या गाठीने. तेवढं सुरेख काम मी आयुष्यात पुन्हा केलेलं नाही. शेवटचा मोती शुक्रवारी सकाळी लागला. बोरन्हाण त्याच दुपारी होतं. खालाची नात रविवारी यायची होती.

आता पुढे जे झालं त्याला आगाऊपणा म्हणतात, दुसरा शब्द नाही. बुखनग टेबलावर होतं. काळंभोर. संक्रांतीला काळंच तर हवं असतं. मी शिवलेला झबला त्याच्यापुढे अगदी बापुडा दिसत होता. मला वाटलं, फक्त एका फोटोपुरतं. फोटो काढायचा, लगेच काढून ठेवायचं, खाली कुणाला कळणारही नाही. मी ते लेकीच्या डोक्यातून घातलं. तिला ते पायघोळ झालं. वरून हलव्याचे हार, हलव्याची बिंदी. काळ्या जाळीतून तिचा चेहरा असा उमलून वर आला की मी कॅमेरा हातात धरून नुसती बघत राहिले. एवढ्यात बेल वाजली.

पाहुणे म्हणजे आमच्यातल्याच दोघी-तिघी आणि त्यांची पाच मुलं. सगळ्या जणी एकदम म्हणाल्या, "अय्या, किती गोड! राहू दे की तसंच!" आणि मी राहू दिलं. कौतुकापुढे माझं डोकं चालत नाही.

रोज्याचे दिवस, म्हणून पडदे ओढून घेतले होते. खाली खाला उपाशी झोपलेली आणि वर आपण खातोय, हे बरं दिसत नाही. मुलांनाही दम भरला होता, आरडाओरडा नको. त्यामुळे आमचं ते बोरन्हाण अर्ध्या अंधारात, कुजबुजत झालं. लेक पाटावर बसलेली. मी तिच्या डोक्यावरून चुरमुरे, उसाचे करवे, तिळाच्या रेवड्या आणि खालाच्याच झाडाची अर्धी कच्ची बोरं ओतली. मुलं कुजबुजत ओंजळी भरत होती. पडद्याच्या फटीतून येणारी उजेडाची एक रेघ त्यांच्या हातांवरून सरकत होती. सगळं पाण्याखाली चाललंय असं वाटत होतं.

मग कुणाची तरी आई म्हणाली, "आता दागिने लुटा रे!" बोरन्हाण झालं की हलव्याचे दागिने मुलांनी तोडून खायचे असतात. मुलं लेकीवर तुटून पडली. मी स्वयंपाकघरात बशा भरत होते. बाहेर आले तेव्हा एक मुलगा माझ्याकडे तोंड वाकडं करून आला.

"आँटी, धिस वन इज नॉट ब्रेकिंग."

त्याच्या जिभेवर मोती होता.

मी तो काढून घेतला. पडदा सारला तर लेक चुरमुऱ्यांत बसून हसत होती आणि बुखनगाच्या कपाळावरची मधली जागा बोडकी झाली होती. मुलांची काही चूक नव्हती. डोक्यावर पांढरे खडबडीत दाणे, लुटा म्हणून सांगितलेलं, खोलीत अंधार. जिला मोत्यांची पारख तिलाही हलवा मोती वाटला होता. यांना मोती हलवा वाटला. मी हसत हसत, जणू खेळच आहे अशा थाटात, सगळ्यांना तोंडं उघडायला लावली. सगळे गेल्यावर गालिचा पालथा घातला, चुरमुऱ्यांचा दाणा न् दाणा निवडला. चौतीस मोती भरले. सात गेले होते. एक तर नक्कीच गिळलेला होता, एका छोट्याने तोंड उघडताना तसं हसत सांगितलं होतं. त्या मुलाच्या आईला "नीट लक्ष ठेव" एवढं सांगण्याचंही धैर्य मला झालं नाही, कारण तसं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

त्या क्षणी खाली जाऊन खरं बोलायला हवं होतं. जिन्याच्या बारा पायऱ्या. मी सहा उतरले आणि परत वर आले. 'बाजार में देगा तो चोरी होगा' हे तिचं वाक्य कानात होतं. मोती कापडावर नाहीत, माझ्याकडेही नाहीत, आणि मुलांनी खाल्ले म्हणून सांगायचं? मला स्वतःलाच ते खोटं वाटत होतं. मला चोर ठरायचं नव्हतं. जगातल्या कुणाहीपुढे एक वेळ चालेल, पण त्या बाईपुढे नाही.

शनिवारी फहाहीलच्या बाजारात गेले. लेस, मणी, जर विकणारे एक चाचा तिथे होते, रत्नागिरीकडचे. उरलेल्यांपैकी एक मोती मी त्यांच्या काउंटरवर ठेवला.

"असे सात हवेत."

त्यांनी चष्मा वर करून तो बघितला. "बाय, ह्ये माज्याकडे नाय मिलायचं. ह्ये दर्यातलं. प्लास्टिकचं दाखवू काय?"

"नको. असेच हवेत."

"असं आता तुमच्याच घरात असतील," ते हसले. "तुमच्या बायकांच्या नथीत असतात ना बसऱ्याचं मोती, ते ह्येच. इथनंच तर जायाचं मुंबईला."

मी घरी येऊन कपाट उघडलं. आईने लग्नात दिलेली नथ. तिच्या आईची. दोन मोठे मोती, मधला लाल खडा आणि बारीक सात मोती. त्यातला एक गुलाबीसर, एका बाजूने चपटा. तो कधी सरळ बसायचा नाही, कसंही बसवलं तरी पाठ फिरवायचा. आई त्याला लबाड म्हणायची. मी थोडा वेळ नथ हातात धरून बसले आणि रडले. बाईमाणसाने आपल्या हाताने नथ मोडायची, हे मनाला पटत नव्हतं. पण मग तार सोडवली.

माझे मोती बुखनगातल्या मोत्यांपेक्षा किंचित मोठे होते, पण बघणाऱ्याला कळण्यासारखं नव्हतं. रविवारी सकाळी मी बुखनग पांढऱ्या फडक्यात गुंडाळून खाली दिलं. खालाने ते मांडीवर घेतलं, कपाळाच्या कडेवरून सावकाश बोट नेलं. मध्ये एके ठिकाणी ते थांबलं की मला तसं वाटलं, कोण जाणे.

"सब ठीक?" तिने विचारलं.

"सब ठीक, खाला," मी म्हणाले.

गरगिआनच्या संध्याकाळी रोजा सुटल्यावर मी बाल्कनीत उभी होते. खाली मुलींचा घोळका निघाला, काळी जाळीदार बुखनगं, गळ्यात पिशव्या. खालाची नात आधी टोचतं म्हणून कुरकुरत होती, पण दोन घरांत पिशवी भरल्यावर ती सगळ्यांच्या पुढे पळत होती. खाला दारात खुर्ची टाकून बसली होती. नात पळत आली की तिच्या कपाळावर ती तळहात ठेवायची, पुन्हा सोडायची. दिव्याच्या उजेडात आईच्या नथीचे मोती पळत पळत माझ्या बाल्कनीखालून गेले. इतकी सुंदर दृश्यं मी फार थोडी पाहिली आहेत, आणि त्यातल्या एकाकडेही इतक्या अपराधी मनाने पाहिलेलं नाही.

त्यानंतर आम्ही त्या घरात नऊ वर्षं राहिलो. पूर्वीसारखीच दर संक्रांतीला मी खालाला तिळगूळ द्यायला खाली जायचे. साडी नेसून, गजरा नसला तरी सगळे दागिने घालून, तिला ते आवडायचं म्हणून. फक्त नथ नसायची. नवऱ्याने विचारलं तेव्हा सांगितलं, तार सैल झाली आहे, नाशिकला नीट करून घेईन. नाशिकला आईने विचारलं तेव्हा सांगितलं, कुवेतला राहिली. एका 'सब ठीक'ने मला असं किती खोटं बोलायला लावलं त्याची गणती नाही. खालाकडे मात्र माझं रोजचं जाणं-येणं. दुपारचा चहा, तिच्या गुडघ्यांना तेल, तिला लंडनला फोन लावून देणं. चांगली मैत्री होती आमची. निदान माझी तशी समजूत होती.

मग नवऱ्याचं कुवेतमधलं काम संपलं. सामान बांधून झालं. निरोप घ्यायला मी लेकीला घेऊन खाली गेले. लेक आता अकरा वर्षांची, मी मराठीत विचारावं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावं अशी. खाला खिडकीपाशी पलंगावर होती, आता तिथेच असायची. तिने लेकीला कपाटातून एक पत्र्याची छोटी डबी आणायला लावली आणि माझ्या हातात दिली.

आत कापूस होता. कापसात मोती होते. एक गुलाबीसर, एका बाजूने चपटा.

"तुम्हारा," खाला म्हणाली.

तिने आपल्या नाकाला बोट लावलं.

"हर साल तुम मीठा लाता. नाक में ये. वो साल के बाद, नाक खाली."

"कब निकाला, खाला?"

"ईद के बाद."

म्हणजे नऊ वर्षांपूर्वी. नात परत गेल्याबरोबर तिने त्या अधू डोळ्यांनी, बोटांनी चाचपत, माझ्या गाठी सोडवल्या होत्या. आणि माझा श्वास रोखून मारलेल्या गाठी सोडवणं सोपं नसणार.

"फिर बोला क्यों नहीं?"

"हम बैठा," ती म्हणाली. रागाचा लवलेश नव्हता. "हम सोचा, आज बोलेगा. कल बोलेगा. तुम आता, चाय पीता, हँसता, जाता. नहीं बोलता."

मी तिच्या पलंगाशी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. फोटोची हाव, ओढलेले पडदे, लुटालूट, त्या मुलाच्या जिभेवरचा मोती, सहा पायऱ्या उतरून परत फिरणं, नथीतले सात मोती. लेक डोळे मोठे करून ऐकत होती. मग खालाचे खांदे हलायला लागले.

"खा गया?" ती म्हणाली. "बच्चा लोग मेरा बाबा का मोती खा गया?" ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाठीवरून हात फिरवला तर माझा हात तिने घट्ट धरून ठेवला. मी नऊ वर्षं ज्या गोष्टीला भ्याले ती एवढीच होती. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाया गेलेल्या वर्षांचं वाईट वाटलं.

लेकीने तेवढ्यात डबीतले मोती मोजले होते. "आई, देअर आर ओन्ली सिक्स. यू सेड सेव्हन."

खालाला आकडा कळला. तिने उशाखालच्या पांढऱ्या फडक्यावर हात ठेवला.

"एक इधर. बुखनग में."

"क्यों?"

"सब दिया तो तुम खलास जाएगा," ती म्हणाली. "एक इधर है. वो लेने तुम आएगा."

"आऊंगी, खाला," मी म्हणाले. "पक्का."

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. अगदी तोच आवाज, ज्याने मी 'सब ठीक' म्हणाले होते. तिलाही ऐकू आला असणार. तिने माझ्या गालावर थापटलं फक्त.

दोन वर्षांनी तिच्या मुलाचा लंडनहून फोन आला, ती गेली म्हणून. त्या दोन वर्षांत मी एकदाही कुवेतला गेले नव्हते. आधी लेकीची शाळा, मग नव्या घराचं सामान, अशी कारणं होती. कारणं माझ्याकडे कायमच असतात.

नथ मी नाशिकला सराफाकडून पुन्हा ओवून घेतली. सातव्या जागी तसाच मोती बसवून देतो, कुणाला कळणार नाही, असं तो म्हणाला. मी नको म्हटलं. लबाड पूर्वीसारखाच पाठ फिरवून बसला आहे, आणि त्याच्या शेजारी एक जागा रिकामी आहे. लग्नाकार्यात कुणीतरी जवळ येऊन हळूच सांगतंच, अहो, तुमच्या नथीतला एक मोती पडलाय वाटतं. मी सांगते, पडला नाही, कुवेतला आहे, आणायला जायचं राहिलं.